फळ्यावरची रोजची एक चूक

बाई, तुमच्या माळ्यावरची ट्रंक शेवटी मी उतरवली. तुम्ही सांगितल्यानंतर बरोबर आठवड्याने, आणि तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी.

मागच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी आले होते. निघताना तुम्ही म्हणालात, "सुजाता, माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, तेवढी काढून दे. मला आता स्टुलावर चढवत नाही." मी चांगली साडी नेसले होते, पुढे कल्याणला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, आणि माळ्यावर धुळीचा थर. म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी काढते, बाई." तुम्ही म्हणालात, "बरं. विसरू नकोस." मंगळवारी सकाळी तुमच्या मेघनाचा फोन आला. ती ठाण्याहून निघाली होती आणि मी जवळ राहते म्हणून मला आधी पोचायला सांगत होती. मी पोचले तेव्हा शेजारच्या काकूंनी तुमचा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. बाकी सगळं झालेलं होतं.

उशीर झाला तो झाला. उशिराची कारणं ऐकून घ्यायची तुमची पद्धत नव्हती. "बस जागेवर आणि लिहायला लाग," एवढंच म्हणायचात. तशी बसले आहे आणि लिहायला लागले आहे.

तुमच्याबद्दल छापून येणाऱ्या चार ओळींत काय असेल ते मला ठाऊक आहे. विद्यार्थिप्रिय, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. मनमिळाऊ तुम्ही अजिबात नव्हतात. सोसायटीने जिन्यात लावलेली प्रत्येक नोटीस तुम्ही लाल पेनने तपासायचात आणि सेक्रेटरींनी दुरुस्त करून परत लावेपर्यंत त्यांच्याशी बोलायचा नाहीत. त्यामुळे ते सगळं सोडून देते. मला तुमच्याशी आपल्या वादाबद्दल बोलायचं आहे. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीच्या एका चुकीवरून चाललेला आपला वाद काल दुपारी निकालात निघाला. तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून कळवते आहे.

आठवीचा पहिला तास. डोंबिवली पूर्वेची आपली शाळा, वर्गात बासष्ट मुलंमुली, पंखा एक आणि तोही तुमच्या डोक्यावर नाही. तुम्ही आलात, खडू उचललात आणि म्हणालात, "मी पेडणेकर बाई. बीजगणित शिकवणार. मी रोज फळ्यावर एक चूक करणार आहे. कुठे ते सांगणार नाही. ज्याला सापडेल त्याने उभं राहायचं आणि मोठ्याने 'बाई, चूक' म्हणायचं. हात वर करून वाट बघत बसायचं नाही. बरोबर निघालं, तर खडू तुमचा आणि पुढचं गणित फळ्यावर तुम्ही सोडवायचं."

मागच्या बाकावरून रवी माने लगेच उठला. "बाई, चूक!"

"अरे, मी अजून काही लिहिलंच नाही."

"तुम्ही म्हणालात रोज एक. आजची लवकर संपवून टाकू."

वर्ग हसला. तुम्हीही हसलात, आणि रवीला पहिल्या बाकावर आणून बसवलंत. तो दहावीपर्यंत पहिल्या बाकावरच राहिला.

चाळीतल्या आमच्या घरात मोठ्या माणसाला "चुकलं" म्हणायची सोय नव्हती. वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते, मुकादम म्हणेल ते बरोबर. घरी वडील म्हणतील ते बरोबर. शाळेत सर म्हणतील ते. आणि इथे एक बाई रोज सांगत होत्या की माझं काहीतरी चुकलेलं आहे, शोधा. मला त्याचं व्यसन लागलं. तुमच्या तासाला मी फळ्यावरून नजर हलवत नसे. दर आठवड्याला दोन-तीन वेळा तरी खडू माझ्या हातात यायचा. घरी जाऊन हात धुवायच्या आधी मी बोटांवरचा पांढरा रंग आईला दाखवायचे.

मग तपासणी आली.

शिक्षण खात्याचे साहेब सफारी घालून आले. मागे खुर्ची टाकून बसले, शेजारी मुख्याध्यापक सर. आम्हाला आदल्या दिवशीच ताकीद मिळाली होती की विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ३क्ष – ७ = ११. त्याखाली लिहिलंत, ३क्ष = ११ – ७.

सात पलीकडे गेला आणि त्याचं चिन्ह तेच राहिलं. उणेचं अधिक व्हायला हवं होतं. मला ते एका क्षणात दिसलं. मी इकडे-तिकडे पाहिलं. कोणी हलत नव्हतं. तुम्ही खडू खाली ठेवला होता आणि आमच्याकडे तोंड करून नुसत्या उभ्या होतात.

मी उठले. "बाई, चूक."

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. साहेब उठून पुढे आले, फळा वाचला. "पेडणेकर बाई, हे काय आहे?"

"साहेब, मी ती मुद्दाम केली. आमच्या वर्गात रोज एक असते. मुलांनी पकडायची असते."

"मुद्दाम? म्हणजे आधी ठरवून?"

"हो."

"मग टाचणात नोंद असेल. टाचणवही दाखवा."

उद्या वर्गात काय शिकवायचं, फळ्यावर काय लिहायचं, गृहपाठ काय द्यायचा हे शिक्षक आदल्या दिवशी ज्या वहीत लिहून काढतात ती टाचणवही. तपासणीच्या दिवशी ती जवळ नसणं म्हणजे सैनिकाकडे बंदूक नसणं. तुम्ही रुमालाने बोटांचा खडू पुसलात. सावकाश, एकेक बोट. मग म्हणालात, "टाचणवही आज घरी राहिली, साहेब."

साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. पण पुढच्या जूनपासून दहावीचं बीजगणित तुमच्याकडे येणार असं ठरलेलं होतं, ते दुसऱ्या सरांकडे गेलं, हे सगळ्या शाळेला कळलं. त्यानंतर सहा वर्षं तुम्हाला दहावी मिळाली नाही. आमच्या बॅचला दहावीला तेच सर होते. चांगले होते. कधीच चुकत नसत, त्यामुळे फळ्याकडे बघायची गरज पडत नसे.

आता यातला जो भाग मी पहिली वीस वर्षं तुम्हालाही सांगितला नव्हता, तो. तुमची पिशवी आणि वह्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत नेऊन ठेवायची त्या आठवड्यात माझी पाळी होती. त्या दिवशी तास संपल्यावर मी पिशवी उचलली, आणि वरच, वह्यांच्या गठ्ठ्यावर, खाकी कव्हर घातलेली तुमची लांब टाचणवही होती. लेबलावर तुमचं अक्षर. घरी राहिलेली नव्हती.

तेरा वर्षांच्या मुलीने त्यावरून जे सिद्ध केलं ते असं: वही पिशवीत होती. बाई म्हणाल्या घरी आहे. म्हणजे वही दाखवायची नव्हती. दाखवायची नव्हती, कारण तिच्यात त्या चुकीची नोंद नव्हती. नोंद नव्हती, म्हणजे चूक ठरवून केलेली नव्हती. म्हणजे चूक खरी होती. साहेब बसलेले बघून बाई गडबडल्या, आणि वेळ मारून नेण्यासाठी "मुद्दाम" म्हणाल्या.

पायरी-पायरीने, तुम्हीच शिकवल्यासारखं. मला त्यात कुठेही भोक दिसलं नाही. पुढे बी.एस्सी. झाले, एमआयडीसीत औषधी रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले, आज तिथली सगळी तपासणी माझ्या सहीने होते, तरीही दिसलं नाही.

एक गोष्ट आज स्पष्टच लिहिते. मला ते भोक बघायचंही नव्हतं. तुमची दहावी गेली ती माझ्या तोंडामुळे, हे मला आठवीतच कळलं होतं. चूक तुमची खरी असेल, तर दोष तुमच्याकडे जात होता आणि मी फक्त बरोबर बोललेली मुलगी उरत होते. तो हिशेब मला सोयीचा होता.

तुमच्या निरोप समारंभात मी माईकवर हा किस्सा सांगितला, वहीचा भाग सोडून. "बाईंनी आम्हाला शिकवलं की मोठी माणसं चुकतात. आणि साहेबांसमोरच चुकतात!" हॉल हसला. "आणि मग शांतपणे सांगतात, मुद्दाम केली होती!" हॉल आणखी हसला. तुम्ही व्यासपीठावर खुर्चीत बसून रुमाल तोंडाला लावून हसत होतात. नंतर चहाच्या टेबलाशी मला बाजूला घेऊन म्हणालात, "गोष्ट छान सांगतेस. तपासत मात्र नाहीस."

"यात काय तपासायचं, बाई? मी समोर होते."

"समोर सगळेच असतात," म्हणालात आणि बटाटेवडा माझ्या बशीत ठेवलात.

त्या दिवसापासून किस्सा गावभर झाला. आमच्या ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी टाकतं. रवीचं आता टिटवाळ्याला हार्डवेअरचं दुकान आहे, तो गिऱ्हाइकांनाही सांगतो.

समारंभानंतर मी दर महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्याकडे यायला लागले. गुरुपौर्णिमेला एकदा हार घेऊन आले तर तुम्ही दारातच म्हणालात, "आज कशाला आलीस? आज गर्दी. एकेक जण येऊन पाया पडतो आणि बसायला कोणी तयार नाही. तू शुक्रवारी ये." शुक्रवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी असते हे तुमच्या लक्षात होतं. त्यानंतर सगळे शुक्रवार. तुम्ही आलं न घातलेला चहा करायचात आणि पहिल्या घोटानंतर मी सुरू करायचे.

"बाई, आता तरी कबूल करा."

"काय?"

"तपासणीच्या दिवशीची चूक खरी होती."

"मुद्दाम होती."

"साहेबांसमोर कोण मुद्दाम चुकतं?"

"मी."

"सिद्ध करा."

"मी का करू? चूक खरी होती असं तू म्हणतेस. दावा तुझा, तू सिद्ध कर."

एकदा मी खरंच केलं. पायरी-पायरीने, वहीसकट. पिशवीत टाचणवही दिसली होती हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल, किंवा हसून मान्य कराल. तुम्ही बराच वेळ गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "वही उघडून बघितली होतीस?"

"नाही. तुमची वही मी कशी उघडणार?"

"हं," म्हणालात. "चहा गार होतोय."

मी तो माझा विजय मानला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "बाई गप्प बसल्या." इतकी हुशार मी.

तुमच्याकडून घेतलेलं सगळंच मी असं वाया घालवलं नाही, तेही लिहिते. प्रयोगशाळेत नवीन मुलगी आली की पहिल्याच दिवशी सांगते, "आठवड्यातून एकदा मी तुमच्या नमुन्यांत एक चुकीचा नमुना घालणार. सापडला की माझ्यासमोर येऊन सांगायचं, मी कोणाबरोबर बोलत असले तरी." खडवलीहून येणारी एक मुलगी पहिले दोन महिने नुसती दारात उभी राहून परत जायची. आता मॅनेजरांच्या मीटिंगमध्ये दार ढकलून येते. मॅनेजरांनी एकदा विचारलं, "मॅडम, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलात?" मी म्हटलं, "आठवी ब." त्यांना तो कुठला तरी कोर्स वाटला.

शाळेत शिकवणारी माणसं आयुष्यभर जे काम करतात ते कुठे दिसत नाही, ही तक्रार तुम्ही कधी केली नाहीत. माझ्या कामाचा पुरावा पिंपावरच्या लेबलावर असतो: नाव, तारीख, सही. तुमचा पुरावा तो तास संपला की डस्टरने पुसला जायचा. घंटा झाली की तुम्ही स्वतःच पुसायचात, पुढच्या बाईंना फळा स्वच्छ मिळावा म्हणून. मला वाटत होतं मागे काहीच उरत नसेल.

काल शुक्रवार. मेघनाने स्टूल धरलं, मी माळ्यावर चढले. साडी नव्हती, जुना पंजाबी ड्रेस घातला होता. ट्रंक दोघींनी मिळून खाली घेतली. कडी गंजली होती, बत्त्याने ठोकून उघडली.

"आईने मला कधी हात लावू दिला नाही याला," मेघना म्हणाली. "मला वाटायचं जुन्या साड्या असतील. तुला का सांगितलं असेल काढायला?"

"रद्दीत द्यायची असेल."

आत वह्या होत्या. खाकी कव्हरं, लांब आकार, वर्षाप्रमाणे लावून सुतळीने बांधलेल्या. तुमच्या नोकरीतल्या सगळ्या टाचणवह्या. मेघनाने वरची उघडली. "बाप रे. हे रोज लिहायची ती? मी झोपायला जायचे तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसलेली असायची. मला वाटायचं पेपर तपासतेय." बोलता-बोलता तिने वही मिटली. मी तिला पाणी आणायला पाठवलं. दोघी रडत बसलो असतो तर ट्रंक परत कोण बांधणार होतं?

आमच्या आठवीची वही काढली. पहिल्या पानाच्या आत आमच्या वर्गाची यादी चिकटवलेली, नंबरांसकट. पुढे दर दिवसाचं पान: घटक, उद्देश, फलकलेखन, गृहपाठ. आणि प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात 'चू.' आणि पुढे ती चूक. एकही दिवस रिकामा नाही. चुकीपुढे कंसात आकडे. एका पानावर दोन, दुसऱ्या पानावर पाच, कधी एकच.

मी आकड्यांवर अडले. माझं कामच ते, म्हणून अंदाज न बांधता तपासले. एका दिवसाचा गृहपाठ काय होता ते पाहिलं, वह्या जमा झाल्यानंतरची, तिसऱ्या दिवशीची 'चू.' पाहिली. प्रत्येक वेळी चूक त्याच गृहपाठातली होती. मग आकडे यादीशी लावले. बासष्टच्या पुढे एकही आकडा नाही. ते आमचे हजेरीचे नंबर होते.

तेव्हा कळलं, बाई. फळ्यावरच्या चुका तुम्ही रचत नव्हतात. आमच्या वह्या घरी नेत होतात, आमच्या चुका त्यातून निवडत होतात, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने, स्वतःची म्हणून, फळ्यावर लिहीत होतात. वर्ग तुम्हाला हसायचा. ज्याची चूक होती तोही हसायचा. मग वह्या परत मिळायच्या, त्यात चुकीच्या जागी फुली नसायची, फक्त पेन्सिलीचा ठिपका, आणि आम्ही तो बघून गुपचूप दुरुस्ती करायचो. आपली चूक वर्गासमोर निघाली हे कोणाला कळायचंच नाही. ज्याची होती त्यालाही नाही.

तपासणीच्या दिवसाचं पान शोधायला मला वेळ लागला नाही. 'फलकलेखन: ३क्ष – ७ = ११.' समासात: 'चू. ७ पलीकडे नेताना चिन्ह तेच (२४, ३७, ५१).' त्याखाली, वेगळ्या ओळीत: 'तपासणी आहे. तरी घ्यायची.'

आपल्या शाळेत हजेरीला आधी मुलगे आणि मग मुली. मुली पस्तीसपासून सुरू व्हायच्या. माझं आडनाव 'क' वरून, मी तिसरी.

सदतीस मी.

ती चूक मी दोनच दिवस आधी गृहपाठाच्या वहीत केली होती. स्वतःच्या अक्षरात मला ती दिसली नव्हती आणि तुमच्या अक्षरात एका क्षणात दिसली. मी उठून उभी राहिले आणि साहेबांसमोर माझीच चूक तुमच्या माथी मारली.

आणि वही तुम्ही का दाखवली नाहीत, तेही मग समजलं. साहेबांनी ते पान उघडलं असतं तर कंसातले आकडे विचारले असते. तुम्ही खरं सांगितलं असतंत, तर चोवीस, सदतीस आणि एक्कावन्न नंबरला त्यांनी फळ्यापाशी बोलावलं असतं, सगळ्या वर्गासमोर, मुख्याध्यापकांसमोर. मी साहेबांसमोर "बाई, चूक" म्हणून अजून खाली बसलेही नव्हते. माझं काय झालं असतं ते मला माहीत आहे. परत कधी उठले नसते. तुमच्याकडे पुरावा पिशवीत होता आणि तुम्ही रुमालाने बोटं पुसत तीन मुलं आणि दहावीचा वर्ग यांच्यात निवड केलीत. फार वेळ घेतला नाहीत. पाच बोटं पुसायला लागतो तेवढा.

त्या आठवड्याच्या शेवटी पानाखाली मुख्याध्यापकांची हिरव्या शाईची सही आहे. वाचून केली की न वाचता, हे आता सिद्ध करता येणार नाही. ते मी सोडून देते.

एक विचारायचं राहिलं. इतके शुक्रवार मी तुम्हाला खोटं पाडत होते, तुम्ही का सांगितलं नाहीत? आधी मला वाटलं, मला लाज वाटू नये म्हणून. पण तेवढंच नसावं. सांगायचंच नसतं तर ट्रंक काढायला सांगितली नसतीत. मुलाने स्वतः शोधेपर्यंत उत्तर द्यायचं नाही, ही तुमची सवय. माझ्या बाबतीत जरा जास्त थांबलात, इतकंच. मीही कमाल केली. "वही उघडून बघितली होतीस?" इतकं सरळ विचारल्यावरही मला कळलं नाही.

जाता-जाता: पूर्ण वर्षात सदतीस नंबर एकोणीस वेळा आला आहे. मी स्वतःला गणितात पहिली समजत होते. रवी माने चौदा वेळा.

आणि माझ्या प्रयोगशाळेचं. मी चुकीचे नमुने स्वतः बनवून घालते. मुलींना ते माझं कोडं वाटतं, सुटलं तर शाबासकी. तुमच्यासारखं त्यांच्याच चुका घेऊन त्या माझ्या नावाने मांडायच्या, हे मला सुचलंच नव्हतं. अर्धंच शिकले होते. सोमवारपासून बदलते.

मेघनाने वह्यांचं काय करायचं विचारलं. मी म्हटलं, शाळेत देऊ, पण कंसातले आकडे आधी खोडरबरने पुसून. ती म्हणाली, "अगं, इतकी वर्षं झाली, कोणाला काय त्याचं?" मी म्हटलं, "तुझ्या आईला होतं." आज सकाळी दोघी बसलो. दोन वर्षांच्या वह्या पुसून झाल्या. अजून पुष्कळ आहेत. माझं त्या दिवसाचं पान मात्र तसंच ठेवलं आहे, त्यातले दुसरे दोन नंबर पुसून. चोवीस कोण ते माहीत होतं, त्याला फोन केला. एक्कावन्न कोण होती ते यादीत बघितलं नाही.

उद्या, रविवारी पाच वाजता, शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा आहे. रवीने बुधवारीच मला सांगून ठेवलं होतं, "सुजे, शेवटी तू बोल. तो तपासणीचा किस्सा सांग, लोक जरा हसतील." मी हो म्हटलं होतं. तेव्हा ट्रंक माळ्यावर होती.

आज त्याला फोन केला. "रवी, हॉलमध्ये फळा आहे का?"

"फळा कशाला? फोटो आहे, हार आहे, समई आणलीय. माईक चांगला सांगितलाय."

"फळा."

"आता सगळीकडे पांढरे बोर्ड आहेत गं. स्टोअरमध्ये असेल एखादा जुना, पाय मोडलेला."

"तो काढ. आणि खडू."

"अगं बाई, शोकसभा आहे. तास नाही."

"माहीत आहे. तुझा हजेरीचा नंबर चोवीस ना?"

"हो. का?"

मी सांगितलं. पलीकडे दुकानातला आवाज येत राहिला, कोणीतरी पाइपचा भाव विचारत होतं.

"म्हणजे ती माझीपण होती?"

"तुझी, माझी आणि आणखी एकीची."

"आणि आपण इतकी वर्षं बाईंना हसतोय."

"हो."

"मी त्या वेळी हललो नव्हतो गं जागेवरून. मला काही दिसलंच नव्हतं फळ्यावर." मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "थांबा हो जरा." आणि मला म्हणाला, "शाळेत नसला तर मी दुसरीकडून आणतो. टेम्पो आहे आपला. पायही नवीन बसवतो."

तर बाई, उद्याचं असं ठरलं आहे. किस्सा सांगणार नाही. उभी राहीन आणि काही न बोलता फळ्यावर लिहीन, ३क्ष – ७ = ११. त्याखाली, ३क्ष = ११ – ७. मग खडू खाली ठेवून सगळ्यांकडे तोंड करून थांबेन, तुम्ही थांबायचात तशी. हॉलभर तुमचीच मुलं असणार, पन्नाशीची, चाळिशीची, तिशीची. कोणीतरी उठेलच. जो पहिला उठेल त्याला सांगेन की ही चूक सदतीस नंबरची आहे. बाईंनी ती एका तासासाठी स्वतःवर घेतली होती, आणि मी ती इतकी वर्षं त्यांच्यावरच ठेवली. ज्या वर्गासमोर ठेवली त्याच वर्गासमोर आज काढून घेते आहे.

मग खडू त्याच्या हातात देईन. चूक सुधारून ते गणित पुढे त्याने सोडवायचं. उत्तर सहा येतं. मी तपासलं आहे.